दादांची पुनर्भेट

आमच्या घरी दादा कोंडके हे नाव वर्ज्य. द्व्यर्थी संवादांमुळे वडील नाक मुरडत. नोएडात ऑफिसच्या मंडळींपुढे मीही ते टाळले. गेल्या गणपतीत त्यांनी दिग्दर्शित केलेला 'पांडू हवालदार' (१९७५) मन लावून पाहिला आणि स्वतःचीच लाज वाटली.

१९३२ साली मुंबईच्या गिरणगावात जन्म. सेवादल, 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य, मग भालजींच्या 'तांबडी माती'तून पडद्यावर. पुढे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी! निव्वळ चावटपणासाठी कोण पंचवीस आठवडे येईल? त्या भोळ्या गड्यात कामगाराला आपलाच माणूस दिसे. त्यांचे हिंदी चित्रपट मात्र मला आजही झेपत नाहीत.

१९९८ साली दादा गेले. परवा वडिलांना फोनवर हे सांगितले, तर त्यांनी 'सोंगाड्या' दोनदा पाहिलेला निघाला!