जोड न मिळालेली पैलवान : हमीदाबानू

कुस्ती म्हणजे पुरुषांचा खेळ, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. तालमीत मारुतीची मूर्ती, भिंतीवर नामांकित मल्लांच्या तसबिरी, हौद्यात लाल माती आणि बाईमाणसाने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाही, हा कुठेही न लिहिलेला नियम! हा नियम कडकडीत पाळला जात होता, त्या काळात एका स्त्रीने आखाड्यात उतरून पुरुषांसमोर शड्डू ठोकला. तिचे नाव हमीदाबानू.

हमीदाबानू मूळच्या उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या. कुस्तीच्या ओढीने त्या अलीगढला आल्या आणि तेथे सलाम पैलवान या वस्तादांच्या हाताखाली त्यांनी मेहनत सुरू केली. पुढे वर्तमानपत्रांनी त्यांना अलीगढची वीरांगना म्हणून प्रसिद्धी दिली. उंची पाच फूट तीन इंच आणि वजन १०८ किलो, असे त्यांचे वर्णन छापून येत असे. त्यांचा खुराक तर लोकांच्या कौतुकाचा विषय होता. रोज साडेपाच लिटरांहून अधिक दूध, त्याशिवाय सूप, फळांचा रस, एक कोंबडी, किलोभर मटण, बदाम, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन मोठे पाव आणि दोन थाळ्या बिर्याणी! दिवसाचे सहा तास मेहनत आणि नऊ तास झोप. ही यादी वाचून आज हसू येते. पण पुरुष पैलवानाचा खुराक कौतुकाने सांगितला जातो आणि बाईने पोटभर खाल्ले तर चेष्टा होते, हेही विसरून चालणार नाही.

१९४४ साली मुंबईत हमीदाबानूंची कुस्ती गूंगा पैलवानाशी ठरली, तेव्हा सुमारे वीस हजार लोक जमले होते. परंतु गूंगा पैलवानाने ऐनवेळी जास्त पैसे आणि तयारीसाठी जास्त वेळ मागितला आणि कुस्ती रद्द झाली. चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानाची मोडतोड केली. रेडिओ आणि वर्तमानपत्रे एवढीच साधने असलेल्या त्या काळात एका बाईची कुस्ती पाहायला एवढी गर्दी लोटावी, यावरून त्यांच्या नावाचा दबदबा लक्षात येतो.

मात्र त्यांचे नाव खऱ्या अर्थाने देशभर गाजले ते १९५४ साली. आपल्याला कुस्तीत जो हरवील त्याच्याशीच आपण लग्न करू, असे आव्हान त्यांनी त्या वर्षी फेब्रुवारीत जाहीर केले. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन नामवंत पैलवान त्यांनी लोळवले आणि मे महिन्यात त्या बडोद्याला पोहोचल्या. तेथे छोटे गामा पैलवानाशी सामना ठरला होता. पण बाईशी लढणार नाही म्हणून त्याने माघार घेतली. मग बाबा पैलवान पुढे आला. ४ मे १९५४ ची ही कुस्ती अवघ्या १ मिनिट ३४ सेकंदांत निकाली निघाली. हमीदाबानूंनी त्याला चीत केले आणि त्यानंतर बाबा पैलवानाने व्यावसायिक कुस्ती सोडली, असे सांगतात. तोपर्यंत आपण ३२० कुस्त्या जिंकल्या आहेत, असा हमीदाबानूंचा दावा होता. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी रशियाच्या व्हेरा चिस्टिलिन या स्त्री मल्लाला एका मिनिटाच्या आत हरवले.

आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचा जवळचा संबंध आला. पण तो फारसा अभिमानाने सांगण्यासारखा नाही. कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी. त्या कोल्हापुरात हमीदाबानूंनी एका पुरुष पैलवानाला हरवले, तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली आणि दगडफेक केली. शेवटी पोलिसांना मध्ये पडावे लागले. जिंकलेल्या मल्लाला फेटा बांधून खांद्यावर घेणारी आपली माणसे! पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती तर स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्दच झाली. हमीदाबानूंनी थेट मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. ही बंदी त्या स्त्री आहेत म्हणून नाही, तर आयोजक त्यांच्यासमोर नावापुरते पैलवान उभे करतात अशा तक्रारी आल्यामुळे आहे, असे मोरारजींनी कळवले.

या ठिकाणी आपण थोडे थांबले पाहिजे. हमीदाबानूंच्या कुस्त्या खऱ्या होत्या की नुरा, हा प्रश्न त्यांच्या हयातीतच विचारला गेला आणि अभ्यासक आजही तो विचारतात. काही कुस्त्या नुरा असतीलही. पैशाच्या दंगलीत पुरुषांच्याही नुरा कुस्त्या होत असत. पण प्रश्नाची दुसरी बाजू मला महत्त्वाची वाटते. कुस्तीत आधी जोड पाहतात. वजन, वय, मेहनत तोलून बरोबरीचा मल्ल समोर उभा करतात. हमीदाबानूंना जोड कोठून मिळणार? देशात स्त्रियांच्या तालमी नव्हत्या, स्पर्धा नव्हत्या, वजनगट नव्हते. चांगला पैलवान बाईशी लढायला कमीपणा मानणार. साधा पैलवान लढून हरला तर कुस्ती खोटी ठरणार. मग त्यांनी आपली ताकद सिद्ध करायची तरी कोणापुढे? माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेले नाही. त्यामुळे ज्या वाटेवर आधी कोणाचे पाऊलच उमटलेले नाही तेथे बरोबरी कोणाशी करायची, हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही.

रशियन मल्लावरील विजयानंतर युरोपात जाऊन कुस्त्या लढण्याचा बेत हमीदाबानूंनी जाहीर केला आणि तेथूनच त्यांची कारकीर्द मावळली. त्यांच्या नातवाने सांगितल्याप्रमाणे, त्यांनी युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पैलवानाने त्यांना काठीने मारहाण केली आणि त्यांचे हात मोडले. शेजाऱ्यांच्या आठवणीनुसार त्यांचे पायही जायबंदी झाले होते आणि पुढे कित्येक वर्षे त्या काठीच्या आधाराने चालत. आखाड्यात ज्यांना कोणी हरवू शकले नाही, त्यांना घरात मार खावा लागला. याहून कठोर विरोधाभास कोणता असेल!

त्यांचे उरलेले आयुष्य कल्याणला गेले. तेथे त्यांचा दुधाचा धंदा होता. सलाम पैलवान अलीगढला परत गेला. त्या कल्याणलाच राहिल्या. दूध विकले, जागा भाड्याने दिल्या आणि तेही पुरेना तेव्हा घरी केलेले खाद्यपदार्थ रस्त्याच्या कडेला विकले. १९८६ साली त्यांचे निधन झाले. तोवर लोक त्यांना विसरले होते. ४ मे २०२४ रोजी गूगलने त्यांचे चित्र झळकवले, तेव्हा कित्येकांनी हे नाव प्रथमच ऐकले.

दरम्यान काळ बदलला. २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये महिला कुस्तीचा समावेश झाला. २०१६ साली रिओमध्ये साक्षी मलिकने कांस्यपदक मिळवले. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. तिच्या अंतिम लढतीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने वैष्णवी पाटील हिला हरवले. ही वैष्णवी कल्याणची! ज्या गावात हमीदाबानूंनी दूध विकून दिवस काढले त्या गावची मुलगी राज्याच्या गदेसाठी लढली आणि तिची जोड बनावट आहे, असे कोणी म्हणाले नाही. कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्युदो अशा अनेक विद्या एकत्र आलेल्या मिश्र मार्शल आर्टमध्येही आपल्या मुली उतरल्या आहेत. जून २०२४ मध्ये उत्तर प्रदेशच्याच पूजा तोमरने अमेरिकेत यूएफसीची लढत जिंकली. त्या स्पर्धेत लढत जिंकणारी पहिली भारतीय खेळाडू एक स्त्री ठरली.

या मुली हमीदाबानूंपेक्षा बलवान आहेत की नाहीत, हे कोणी सांगू शकणार नाही. फरक एवढाच की त्यांना वजनगट मिळाला, पंच मिळाला आणि समोर बरोबरीची जोड मिळाली. खेड्यापाड्यांत मात्र मुलींना मेहनत करायला तालीम अजून सहज मिळत नाही. मुलींच्या अंगी ताकद आहे का, हे विचारण्याचे दिवस गेले. त्यांच्यासाठी हौदा खणून द्यायची आपली तयारी आहे का, हे आता आपण स्वतःला विचारायचे आहे.