ॲलन ट्युरिंग : आज्ञावलीच्या वेळेचा हिशेब मांडणारे गणितज्ञ

४ जानेवारी २००१ रोजी बंगळुरूच्या एचएएल विमानतळावरून भारताच्या हलक्या लढाऊ विमानाने पहिले उड्डाण केले. पुढे 'तेजस' या नावाने ओळखल्या गेलेल्या या विमानात वैमानिकाच्या हातातील दांडा आणि पंखांच्या झडपा यांच्या मधे संगणक आहे. विमानाची रचना मुळातच अस्थिर ठेवलेली असल्याने या संगणकाला अखंड हिशेब करीत राहावे लागते. अशा ठिकाणी उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही. ते ठरलेल्या वेळेत आणि उपलब्ध स्मृतीत मिळावे लागते. उशिरा हाती आलेले बरोबर उत्तर चुकीच्या उत्तराइतकेच घातक ठरू शकते. कितीही चाचण्या घेतल्या तरी सर्व शक्यता तपासून होत नाहीत. म्हणून आज्ञावली किती वेळ घेईल, हे गणिताने सिद्ध करण्याचा मार्ग शोधला गेला. त्याची पहिली स्पष्ट मांडणी ॲलन ट्युरिंग यांनी १९४९ मध्ये केली. जर्मन गुप्तलिपी उलगडणारे म्हणून ते सर्वपरिचित आहेत; हे काम मात्र बरीच वर्षे तज्ज्ञांच्याही विस्मरणात गेले होते.

ट्युरिंग घराण्याचा दक्षिण भारताशी निकटचा संबंध होता. वडील ज्युलियस ट्युरिंग हे मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते आणि आज कर्नाटकात असलेल्या बळ्ळारीतही त्यांनी काम केले. आई सारा यांचा जन्म कोइमतूरजवळच्या पोदनूर येथे झाला. आजोबा एडवर्ड वॉलर स्टोनी मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता होते. तुंगभद्रेवरील पुलाची उभारणी त्यांनी केली, आणि आवाज न करणारे पंख्याचे चाकही शोधून काढले! ॲलन यांचा जन्म मात्र २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. आईवडील भारतात आणि मुले इंग्लंडमध्ये परक्या कुटुंबात, अशी त्यांच्या बालपणाची बरीच वर्षे गेली.

१९३१ मध्ये ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. १९३६ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी एका काल्पनिक यंत्राच्या आधारे गणनेची व्याख्या केली. कोणतेही यंत्र पुढे कसे वागेल हे ठरवून देणारी एकच सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही, असे त्यांनी त्यात सिद्ध केले. एखादी आज्ञावली थांबेल की अनंतकाळ फिरत राहील, या प्रश्नालाही हीच मर्यादा लागू पडते.

महायुद्धात ब्लेचली पार्क येथे त्यांनी केलेली कामगिरी सर्वश्रुत आहे. युद्धानंतर त्यांनी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसाठी संगणकाचा आराखडा तयार केला आणि १९४८ मध्ये ते मँचेस्टर विद्यापीठात गेले. त्या काळच्या यंत्रांची स्मृती अत्यंत तुटपुंजी होती आणि आज्ञावल्यांत चुका होत असत.

२४ जून १९४९ रोजी केंब्रिज येथील परिषदेत ट्युरिंग यांनी मोठी आज्ञावली कशी तपासावी, या विषयावर एक छोटा निबंध वाचला. आदल्याच दिवशी त्यांना सदतीस वर्षे पूर्ण झाली होती. त्यांनी दिलेला दाखला शाळकरी मुलालाही समजावा असा आहे. मोठ्या बेरजेत हातचे लिहून ठेवले, तर प्रत्येक स्तंभ स्वतंत्रपणे तपासता येतो. तसेच आज्ञावलीच्या ठराविक टप्प्यांवर स्मृतीच्या कोणत्या कप्प्यात काय असले पाहिजे, हे विधानरूपाने लिहावे. मग तपासनीसाने एकेक टप्पा पडताळावा. (ट्युरिंग यांनी फळ्यावर आकडे उलट्या क्रमाने लिहिल्याने श्रोते गोंधळले, अशी आठवण मॉरिस विल्क्स यांनी नोंदविली आहे.)

पण एवढ्याने आज्ञावली संपते, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी ट्युरिंग यांनी वेगळी युक्ती योजली. गुणाकार न वापरता, केवळ बेरजांनी क्रमगुणित काढणारी आज्ञावली त्यांनी उदाहरणादाखल घेतली. तिच्या स्थितीवरून एक पूर्णांक काढायचा आणि प्रत्येक पावलागणिक तो घटतो, हे दाखवायचे. शून्याखाली जाता येत नसल्याने आज्ञावलीला केव्हातरी थांबावेच लागते. या निबंधातील सर्वांत मोलाची सूचना त्यापुढची आहे. ही घटती संख्या अशी निवडावी की ती उरलेल्या वेळेची कमाल मर्यादा ठरेल. मग समाप्तीच्या सिद्धतेतूनच वेळेचाही अंदाज मिळतो. सर्व आज्ञावल्यांसाठी एकच पद्धत नाही, हे ज्याने सिद्ध केले, त्यानेच हाती असलेल्या एका आज्ञावलीसाठी काय करता येते, हे दाखवून दिले.

१९५२ मध्ये समलैंगिक संबंधांवरून, तत्कालीन कायद्यानुसार, ट्युरिंग यांना दोषी ठरविण्यात आले आणि तुरुंगवासाऐवजी त्यांच्यावर संप्रेरकांचे उपचार लादले गेले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडमुळे त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष काढला गेला. शाही माफी मिळायला २०१३ साल उजाडावे लागले.

निबंधाच्या टंकलिखित प्रतीत चुका इतक्या होत्या की तो वाचणे जिकिरीचे होते. १९६७ मध्ये रॉबर्ट फ्लॉईड यांनी हीच दिशा धरली, तेव्हा ट्युरिंग यांचे काम जवळपास कोणाच्याच ध्यानात नव्हते. १९८४ मध्ये मॉरिस आणि जोन्स यांनी शुद्ध पाठ प्रसिद्ध केला. त्यानंतर दोनच वर्षांनी मथाई जोसेफ आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे परितोष पंड्या यांनी, अनेक कामे एकाच संगणकावर चालत असताना प्रत्येकाला जास्तीत जास्त किती वेळ लागेल, हे काढण्याचे गणित मांडले.

आज्ञावली एखाद्या साधनावरील कुलूप योग्य क्रमाने लावते आणि सोडते की नाही, हे तपासणारा 'स्लॅम' प्रकल्प मायक्रोसॉफ्टमध्ये टॉमस बॉल आणि श्रीराम राजामणी यांनी उभारला. त्याच पायावर २००६ मध्ये 'टर्मिनेटर' हे साधन तयार झाले. आज्ञावली थांबते हे दाखविण्यासाठी ते घटत्या संख्याच शोधते, आणि तेही मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधील केंद्राच्या पुढाकाराने. २०११ मध्ये बॉल आणि राजामणी यांना स्लॅमसाठी आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे राजामणी यांनी, २००५ मध्ये स्थापन झालेल्या, बंगळुरूच्या संशोधन केंद्राची सूत्रे सांभाळली.