खांबाशिवाय तरंगणाऱ्या जिन्याचं गणित गॅलिलिओने नजरकैदेत बसून मांडलं होतं

इंटिरियरचे रील्स बघताना एक जिना हमखास दिसतो. एका बाजूला भिंत आणि त्या भिंतीतून बाहेर आलेल्या नुसत्या पायऱ्या. खाली खांब नाही, दुसऱ्या टोकाला आधार नाही. बघताना पहिला विचार येतो, यावर माणूस चढला तर पायरी मोडणार नाही का?

या प्रश्नाचं गणित सुमारे 400 वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या, आजारी आणि शिक्षा भोगणाऱ्या माणसाने मांडायला घेतलं होतं. आपण त्याला दुर्बिणीमुळे ओळखतो. त्याचं नाव गॅलिलिओ गॅलिली.

गॅलिलिओचा जन्म 15 फेब्रुवारी 1564 चा, इटलीतल्या पिसा शहरातला. वडील संगीतकार. पोराने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा. पण गड्याचं मन गणितात रमलं आणि 1585 मध्ये डिग्री न घेताच तो विद्यापीठातून बाहेर पडला. चारच वर्षांनी त्याच विद्यापीठात तो गणित शिकवायला लागला. 1592 मध्ये तो पादुआला गेला आणि तिथे 18 वर्षं राहिला.

पादुआपासून व्हेनिस जवळ. तिथल्या जहाजबांधणीच्या कारखान्यात त्याचं जाणं-येणं असायचं. तिथल्या कारागिरांना एक गोष्ट अनुभवाने माहीत होती. लहान नाव जशीच्या तशी मोठी करून चालत नाही. मोठ्या जहाजाला बांधताना जास्त टेकू लागतात, नाहीतर ते स्वतःच्या वजनानेच मोडू शकतं. असं का होतं, हा प्रश्न गॅलिलिओच्या डोक्यात राहिला.

मग 1609 मध्ये दुर्बीण आली, 1610 मध्ये गुरूचे चार चंद्र सापडले आणि सगळं आयुष्यच आकाशाकडे वळलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताची बाजू मांडणारं त्याचं पुस्तक 1632 मध्ये आलं आणि चर्चने त्याला रोमला बोलावलं. 22 जून 1633 ला शिक्षा झाली. कैदेची शिक्षा पुढे नजरकैदेवर आली, पण पुस्तकं छापायला बंदी. वय 69.

फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री गावातलं घर हाच त्याचा तुरुंग झाला. लाडकी मुलगी मारिया चेलेस्ते जवळच्याच मठात नन होती. एप्रिल 1634 मध्ये वयाच्या 33 व्या वर्षी तीही गेली.

या काळात त्याने तरुणपणीचे अर्धवट राहिलेले विषय पुन्हा हातात घेतले. त्यातलाच एक विषय होता भिंतीत रोवलेल्या तुळईचा. एक टोक भिंतीत पक्कं, दुसऱ्या मोकळ्या टोकाला वजन लटकवलेलं. ही तुळई कुठे आणि किती वजनाला मोडेल?

आजचे इंजिनिअर याला कॅन्टिलिव्हर म्हणतात. तरंगत्या जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे हीच तुळई.

गॅलिलिओने दाखवलं की तुळई भिंतीपाशीच मोडते, कारण वजनाला तरफेचा फायदा मिळतो. एक साधा हिशोब बघा. 80 किलोचा माणूस 1 मीटर लांब पायरीच्या टोकावर उभा आहे. भिंतीपाशी पायरीची वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. या ताण आणि दाबामध्ये 8 सेंटीमीटर अंतर असेल, तर वरच्या बाजूवर येणारा ताण तब्बल 1000 किलोइतका होतो. म्हणून अशा काँक्रीटच्या पायरीत मुख्य सळया वरच्या बाजूला टाकतात.

त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त कामाची. पट्टी आडवी धरली की सहज वाकते, उभी धरली की वाकत नाही. जाडी दुप्पट केली तर ताकद चौपट होते.

कागदाच्या घडीसारखा दिसणारा फोल्डेड जिना इथेच कळतो. त्यात आडव्या पायरीला उभा रायझर सलग जोडलेला असतो. असा जिना बाजूच्या भिंतीतून बाहेर काढला, तर तो रायझर उभ्या धरलेल्या पट्टीचं काम करतो. म्हणून पातळ दिसणारी घडीही वजन पेलते.

तिसरी गोष्ट, टोकाकडे एवढ्या जाडीची गरजच नसते. टोकाला वजन असलेली तुळई मोकळ्या बाजूला निमुळती होत गेली तरी ताकद कमी होत नाही, हे त्याने सिद्ध केलं.

पण गॅलिलिओ एका ठिकाणी चुकला. तुळईचा सगळाच भाग ताणला जातो असं त्याने धरलं. प्रत्यक्षात वरचा भाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. त्यामुळे त्याच्या हिशोबाने तुळईची ताकद आजच्या नेहमीच्या सूत्रापेक्षा तिप्पट यायची. ही चूक सुधारत योग्य सूत्र रुळायला पुढची पिढ्यान् पिढ्या गेली. फ्रान्सच्या पारांने 1713 मध्ये, कुलोंबने 1773 मध्ये आणि नाविएने 1826 मध्ये ते काम पुढे नेलं. मांडणी मात्र गॅलिलिओचीच राहिली.

पुस्तक तयार झालं, पण छापणार कोण? शेवटी हस्तलिखित चर्चचा हात पोहोचत नव्हता अशा हॉलंडमध्ये गेलं आणि 1638 मध्ये लायडनला छापून आलं. आपल्या नकळत ते छापलं गेलं, असा आव गॅलिलिओने आणला.

छापील पुस्तक त्याला वाचता मात्र आलं नाही, कारण तोवर दोन्ही डोळे गेले होते. 8 जानेवारी 1642 रोजी त्याच नजरकैदेत तो वारला.

आज घरात असा जिना करायचा असेल तर पायरीच्या डिझाईनआधी भिंतीची चौकशी करावी लागते. नुसत्या विटांच्या पातळ पार्टिशनला हा ताण झेपत नाही. काँक्रीटची भिंत लागते किंवा भिंतीच्या आत लपवलेली लोखंडी फ्रेम, आणि हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यावा लागतो.

रीलमध्ये पायरी दिसते. ती पेलणारी ताकद भिंतीत असते, आणि आंधळा होण्याआधी गॅलिलिओ नेमका त्याच जागेकडे बघत होता.