होळकरांच्या मोटारी आणि वारशाचा प्रश्न

परभणी आणि इंदूर यांचा संबंध काय, असे कोणी विचारले तर बहुतेकांना चटकन उत्तर सुचणार नाही. परभणीवर निजामाचे राज्य होते, इंदूरवर होळकरांचे. तरीही १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेल्या आणि आता हिंगोली जिल्ह्यात मोडणाऱ्या औंढा नागनाथच्या देवळात होळकर घराण्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. पडझड झालेल्या या ज्योतिर्लिंगाच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकर यांनी केला, असे परंपरा सांगते. मुलूख दुसऱ्याचा होता, महसूल दुसऱ्याच्या तिजोरीत जात होता. पण त्यामुळे अहिल्याबाईंचा हात आखडला नाही.

याच घराण्याच्या गादीवर विसाव्या शतकात बसलेल्या एका महाराजांचे नाव मात्र मराठवाड्यात क्वचितच कोणाला ठाऊक असेल. ते म्हणजे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे). इंग्रजांशी झुंजलेल्या पहिल्या यशवंतरावांशी त्यांची गल्लत होऊ नये. मराठी वाचकाला जवळजवळ अपरिचित असलेले हे यशवंतराव युरोप-अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या संग्राहकांना आणि आधुनिक कलेच्या अभ्यासकांना चांगलेच परिचित आहेत. त्यांच्या मोटारी, त्यांचे सामानसुमान आणि त्यांनी घेतलेली शिल्पे आज जगभर विखुरली आहेत. एखादी वस्तू विकत घेणारा तिचा मालक होतो हे खरे, पण ती वस्तू कोणाचा वारसा ठरते, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याकडे पाहताना सतत समोर येतो.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी इंदूर येथे झाला. त्यांचे वडील तिसरे तुकोजीराव. १९२५ च्या जानेवारीत मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. मारेकरी मुमताज बेगम हिला पळवून नेण्यासाठी आले होते आणि ही नर्तकी पूर्वी इंदूर दरबारात होती. मारेकऱ्यांचे धागेदोरे इंदूरपर्यंत पोहोचले. चौकशीला सामोरे जावे किंवा गादी सोडावी, असे दोनच पर्याय इंग्रज सरकारने तुकोजीरावांपुढे ठेवले. त्यांनी दुसरा पर्याय स्वीकारला आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये जेमतेम साडेसतरा वर्षांचे यशवंतराव गादीवर आले. कारभाराचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती १९३० मध्ये आले. मधली वर्षे त्यांनी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे शिक्षणात घालविली.

त्यापूर्वीच, १९२४ मध्ये, कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगितादेवी यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. हे तरुण दांपत्य युरोपातील कलावंतांच्या वर्तुळात सहज रुळले. मान रे या प्रख्यात छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रे टिपली. बर्नार बुते द मोनव्हेल या फ्रेंच चित्रकाराने महाराजांना एका चित्रात पाश्चात्त्य मेजवानीच्या काळ्या पोशाखात, तर दुसऱ्यात मराठा राजवेषात रंगविले. ही दोन चित्रे शेजारी ठेवली, की त्यांच्या स्वभावातील दोन्ही प्रवाह एकाच वेळी दिसतात.

ऑक्सफर्डच्या काळातच त्यांची ओळख एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाशी झाली. इंदूरमधील माणिक बाग राजवाड्याचे काम महाराजांनी त्याच्यावर सोपविले. १९३० ते १९३३ या काळात उभ्या राहिलेल्या या वास्तूत झुंबरे, सोनेरी नक्षी आणि शिकारीची मुंडकी यांना जागा नव्हती. सरळ रेषा, काच, धातू, रंगीत चामडे आणि वातानुकूलन असा तिचा थाट होता. रुलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्बुझिए अशा त्या काळच्या अग्रगण्य रचनाकारांचे सामान युरोपातून थेट माळव्यात येत होते. युरोपातही ज्या शैलीला तेव्हा मोजकेच आश्रयदाते होते, तिचा एक मोठा आश्रयदाता पंचविशीतील मराठी राजा होता.

मोटारींच्या बाबतीतही त्यांची दृष्टी हीच होती. त्या काळी संस्थानिकांकडे मोटारी असणे ही नवलाची गोष्ट नव्हती. सोन्याचांदीने मढविलेल्या, सिंहासन बसविलेल्या, शिकारीसाठी खास बांधून घेतलेल्या मोटारींच्या कहाण्या प्रत्येक संस्थानात होत्या. परभणी ज्यांच्या राज्यात होती त्या हैदराबादच्या निजामांकडेही पिवळ्या रंगाची, घुमटाकार छताची रोल्स रॉइस होती. सहावे निजाम महबूब अली खान यांनी १९११ मध्ये तिची मागणी नोंदविली होती. समारंभापुरतीच बाहेर पडणारी ही गाडी इतक्या वर्षांत काही शे मैलच चालली. ती प्रवासाचे साधन नव्हती, ते चाकांवरचे सिंहासन होते.

यशवंतरावांना मोटार हवी होती ती धावण्यासाठी. यंत्राची ताकद आणि बांधणीतील सौंदर्य यांचा मेळ कोठे बसतो, हे त्यांना नेमके कळत असे. अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीकडून त्यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यावर सुपरचार्जर बसविलेली गाडी मागविली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारागीर कंपनीकडून बांधून घेतली. एवढ्या लांबलचक गाडीत केवळ दोन माणसांची सोय होती. केशरी आणि काळ्या रंगांतील ही गाडी मोटारींच्या इतिहासातील अतिशय देखण्या गाड्यांमध्ये गणली जाते. गाडीवर बसविलेल्या लाल आणि निळ्या दिव्यांवरून आत महाराज आहेत की महाराणी, हे पोलिसांना दुरूनच समजत असे.

त्यांच्या ताफ्यात बेंटली, हिस्पानो-सुइझा, देलाज, लगोंडा यांच्याबरोबर आल्फा रोमिओच्या ८सी २९००बी या इटालियन मॉडेलचेही नाव घेतले जाते. या नावाचे महत्त्व आज चटकन लक्षात येत नाही. फेरारी हे नाव धारण करणारी पहिली मोटार बाहेर पडायला अजून १९४७ साल उजाडायचे होते. १९३० च्या दशकात एन्झो फेरारी हे आल्फा रोमिओच्याच गाड्या शर्यतींत उतरविणारा संघ चालवीत होते. वित्तोरिओ यानो या अभियंत्याने शर्यतीच्या गाडीवरून हे मॉडेल घडविले. एका ओळीत आठ सिलिंडर, दोन सुपरचार्जर, सुमारे १८० अश्वशक्ती आणि ताशी पावणेदोनशे किलोमीटरहून अधिक वेग, अशी तिची क्षमता होती. इटलीतील हजार मैलांची मिल्ले मिलिया शर्यत १९३८ मध्ये याच मॉडेलने जिंकली. रस्त्यावर चालविता येणारी जवळजवळ शर्यतीचीच ही गाडी जेमतेम चाळीसच्या आसपास तयार झाली. या मॉडेलची एक गाडी, जी होळकरांची नव्हती, २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात सुमारे १ कोटी ९८ लाख डॉलरना विकली गेली. युद्धापूर्वीच्या मोटारींना मिळालेल्या मोठ्या किमतींपैकी ही एक होय.

महाराज केवळ शौकीन होते असे मानणे मात्र अन्यायाचे ठरेल. इंदूर शहराची तहान भागविणारा यशवंत सागर तलाव त्यांच्याच कारकिर्दीतला. होळकरांचा क्रिकेट संघ हे तर एक सोनेरी प्रकरण आहे. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे यांसारख्या खेळाडूंना त्यांनी आश्रय दिला आणि १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत या संघाने रणजी करंडक चार वेळा पटकावला. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहून भारताच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याचे आवाहन केले. इंग्रजांच्या मर्जीवर गादी टिकविणाऱ्या संस्थानिकाने असे धाडस करणे सोपे नव्हते. आपल्या वडिलांची गादी कशी गेली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

खासगी आयुष्यात मात्र त्यांना फारसे स्वास्थ्य लाभले नाही. संयोगितादेवी १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निवर्तल्या, तेव्हा त्यांचे वय तेवीसच्या आतच होते. कन्या उषादेवी चार वर्षांच्याही झालेल्या नव्हत्या. कोन्स्तान्तिन ब्रांकुशी या महान शिल्पकाराची ‘बर्ड इन स्पेस’ या मालिकेतील तीन शिल्पे महाराजांनी घेतली होती. त्यांच्यासाठी इंदूरमध्ये ध्यानमंदिर उभारावे, अशी योजना होती आणि त्यासाठी ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊनही गेला. ते मंदिर कधीच उभे राहिले नाही. महाराजांनी पुढे दोन विवाह केले, दोन्ही अमेरिकी स्त्रियांशी, आणि त्यांचा बराच काळ परदेशात जाऊ लागला.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारत संघात विलीन झाले. ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख आणि होळकर उपराजप्रमुख अशी रचना १९५६ पर्यंत चालली. त्यानंतर तेही पद संपले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत यशवंतरावांचे निधन झाले, तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. वारसा उषादेवींकडे गेला.

त्यानंतरची कहाणी केवळ इंदूरची नाही, ती सगळ्याच संस्थानांची आहे. उत्पन्न आटले, कर वाढले आणि १९७१ मध्ये तनखेही बंद झाले. परदेशी मोटारींचे सुटे भाग आयात करणे दुरापास्त झाले. शंभर खोल्यांच्या वाड्यातील गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी वारसांना वैभव वाटेनाशी झाली, ओझे वाटू लागली. याच सुमारास परदेशी दलाल आणि हौशी संग्राहक भारतात फिरत होते. त्यांनी अनेक अमूल्य गाड्या किरकोळ किमतीला उचलल्या. सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तोवर उत्तमोत्तम गाड्या बंदरातून बाहेर पडल्या होत्या. इंदूरची ड्यूसेनबर्गही पुन्हा अमेरिकेत पोहोचली.

माणिक बागेचे तेच झाले. तेथील सामानाचा लिलाव १९८० मध्ये मोनाको येथे झाला आणि वस्तू जगातील संग्रहालयांत व श्रीमंतांच्या घरांत विखुरल्या. ब्रांकुशीचा ब्राँझचा पक्षी आज कॅलिफोर्नियात पासाडेना येथे आहे, तर काळ्या आणि पांढऱ्या संगमरवराचे दोन पक्षी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे आहेत. राजवाड्यात केंद्र सरकारच्या अबकारी व सीमाशुल्क खात्याची कचेरी आली. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने यशवंतरावांवर मोठे प्रदर्शन भरविले. इंदूरच्या राजाचे कर्तृत्व पाहण्यासाठी इंदूरकरांना पॅरिस गाठावे लागावे, यातच सारे आले.

याचा दोष कोणा एकाच्या माथी मारता येणार नाही. यशवंतरावांनी जे घेतले ते स्वतःच्या आवडीने आणि स्वतःसाठी घेतले. त्यांच्या हयातीत या वस्तूंचे संग्रहालय किंवा विश्वस्त संस्था उभी राहिली नाही. वारसांनी खासगी मालमत्ता विकली, तो त्यांचा हक्कच होता. शासनाला ताम्रपट आणि मूर्ती हा वारसा वाटत होता. पोलाद, चामडे आणि क्रोमियम यांनी घडलेली वस्तूही वारसा असू शकते, हे फार उशिरा उमगले. देशातील संग्राहकांनी मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या रॅलींतून ही जाणीव जिवंत ठेवली, हे मान्य करायला हवे. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले आणि अशा गाड्यांना प्रथमच कायद्याच्या भाषेत वेगळी ओळख मिळाली. निजामांची पिवळी रोल्स रॉइस दुरुस्त होऊन हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात लोकांसाठी ठेवली आहे, हेही याच दिशेचे पाऊल होय. तिकीट काढून परभणीचा शाळकरी मुलगाही ती पाहू शकतो. होळकरांच्या मोटारींबाबत हे म्हणता येत नाही.

यशवंतरावांची पारख अस्सल होती, यात शंका नाही. त्यांनी निवडलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू पुढे जगाने डोक्यावर घेतली. परंतु पारख आणि मालकी यांनी वारसा घडत नाही, तो कोणाच्या तरी स्वाधीन करावा लागतो. अहिल्याबाईंनी परक्या मुलखात बांधलेले घाट आणि दुरुस्त केलेली देवळे दोन शतकांनंतरही जागेवर आहेत, कारण ती पहिल्या दिवसापासून लोकांची होती. औंढ्याच्या पायऱ्या चढणाऱ्या भाविकाला मालक कोण, हा प्रश्न पडत नाही. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या पडव्यांत आणि गॅरेजांत आजही ताडपत्रीखाली काही गाड्या उभ्या असतील. त्यांच्या धन्यांनी आणि शासनाने एकाच घराण्याच्या या दोन कहाण्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर उरलेले वाचविण्यास अजूनही वेळ गेलेली नाही.