विश्लेषण : ३५ सामने, एकच पराभव! ‘ऑल ब्लॅक्स’चे कर्णधार डेव्ह गॅलहर कोण होते?

न्यूझीलंडचा रग्बी संघ जगभर ‘ऑल ब्लॅक्स’ म्हणून ओळखला जातो. हे नाव सर्वतोमुखी झाले ते १९०५-०६ च्या ब्रिटन दौऱ्यात. त्या संघाचे कर्णधार होते डेव्ह गॅलहर.

बालपण कसे गेले?

गॅलहर यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८७३ रोजी आयर्लंडमधील रामेल्टन गावी झाला. १८७८ मध्ये कुटुंब न्यूझीलंडच्या कटिकाटी वसाहतीत आले. आई शिक्षिका होती. १८८७ मध्ये तिचे निधन झाले आणि घराला हातभार लावण्यासाठी डेव्ह यांना शाळा सोडावी लागली. पुढे ऑकलंडमध्ये नोकरी करताना ते पॉन्सनबी क्लबकडून रग्बी खेळू लागले. १९०१ मध्ये ते बोअर युद्धावर गेले. १९०३ मध्ये सिडनीत न्यूझीलंडने आपला पहिला कसोटी सामना खेळला आणि ऑस्ट्रेलियाला २२-३ ने हरवले. त्या संघात गॅलहर होते.

१९०५ चा दौरा का गाजला?

सुरुवातच वादाने झाली. कर्णधार संघटनेने परस्पर नेमल्याने काही खेळाडू नाराज होते. बोटीवरच गॅलहर यांनी पद सोडण्याची तयारी दाखवली. मतदान झाले आणि २९ पैकी १७ जणांनी त्यांना कौल दिला. त्यानंतर पहिल्याच सामन्यात डेव्हनचा ५५-४ असा धुव्वा उडाला. फ्रान्स व उत्तर अमेरिकेतील लढती धरून ३५ पैकी ३४ सामने संघाने जिंकले. गुण केले ९७६, दिले फक्त ५९.

एकमेव पराभव १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफमध्ये वेल्सविरुद्ध झाला, ०-३ असा. बॉब डीन्स यांचा ‘ट्राय’ पंचांनी नाकारला. तो वाद आजही मिटलेला नाही.

त्यांच्यावर टीका का झाली?

गॅलहर ‘विंग फॉरवर्ड’ म्हणून खेळत. ते स्क्रममध्ये चेंडू टाकत आणि बाहेरच उभे राहून आपल्या हाफबॅकला संरक्षण देत. ब्रिटिश वृत्तपत्रांना हा अडथळा, म्हणजेच फसवणूक वाटे. न्यूझीलंडच्या मते ती नियमात बसणारी चाल होती.

शेवट कसा झाला?

निवृत्तीनंतर ते राष्ट्रीय संघाचे निवडकर्ते झाले. पहिल्या महायुद्धात वयामुळे त्यांना सक्तीच्या भरतीतून सूट होती. घरी पत्नी आणि लहान मुलगी होती. तरीही १९१६ मध्ये त्यांनी स्वतःहून नाव नोंदवले. भावाच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी ते गेले, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात भाऊ डग्लस मारला गेल्याची बातमी त्यांनी नाव दिल्यानंतर आली.

४ ऑक्टोबर १९१७ रोजी बेल्जियममध्ये, पाशनडेलच्या मोहिमेत ते जखमी झाले आणि त्याच दिवशी मरण पावले. वय होते ४३. थडग्यावर मात्र ४१ कोरले आहे.

आज त्यांची आठवण कुठे आहे?

ऑकलंडच्या क्लब स्पर्धेत १९२२ पासून ‘गॅलहर शील्ड’ दिली जाते. २००० पासून न्यूझीलंड व फ्रान्स ‘डेव्ह गॅलहर ट्रॉफी’साठी झुंजतात. २०११ पासून ईडन पार्क मैदानाबाहेर त्यांचा पुतळा उभा आहे.