सर बार्टल फ्रियर व सुटलेले गुलाम

गिरगांवाहून ग्रँट रोड स्टेशनाकडे गेलें म्हणजे फ्रियर पूल लागतो. हें नांव आमच्या वाचकांनीं ऐकलें असेल; तें ज्यांचें, त्यांची हकीकत शरणपूरच्या मंडळीशींही जोडलेली आहे.

सर बार्टल फ्रियर १८१५ त वेल्स देशांत जन्मले, व १८३४ त मुंबईस आले. साताऱ्यास ते रेसिडेंट होते. पुढें १८६२ ते १८६७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर झाले. किल्ल्याचा तट त्यांनींच पाडविला.

त्या काळीं आफ्रिकेहून गुलाम नेणारीं गलबतें इंग्रजी आरमार पकडी, आणि सोडविलेलीं माणसें पुष्कळदां मुंबई बंदरांत उतरवी. बेडी तुटली, पण पुढें काय? घर समुद्रापलीकडे, आणि तेथें परतावें तर पुन्हां धरले जाण्याचें भय. आरमाराचें काम धक्क्यावर संपे. मग पोलीस त्यांची वांटणी करीत. कोणी घरकामास जाई, कोणी मिशनाकडे. कांहीं मुलें नाशिकाजवळ शरणपुरास प्राइससाहेबांच्या हाताखालीं सुतारकाम व लोहारकाम शिकलीं. चुमा नांवाच्या मुलास लिव्हिंग्स्टनसाहेबांनीं मुंबईंत डॉ. विल्सन यांच्या शाळेंत ठेविलें होतें. लिव्हिंग्स्टन १८७३ त वारले, तेव्हां त्यांचें शव समुद्रकांठापर्यंत वाहून आणणाऱ्यांत हा चुमा होता, व शरणपूरचा जेकब वेनराइटही होता.

त्याच वर्षीं झांझिबारच्या सुलतानानें समुद्रावरील गुलामांचा व्यापार बंद करण्याचा तह केला. त्याची बोलणीं करण्यास सरकारानें फ्रियरसाहेबांस पाठविलें होतें. आरमार, इंग्रज वकील, सुलतान व मिशन हीं एकमेकांस धरून चालल्यावांचून सुटलेल्यास ठिकाण मिळणार नाहीं, हें त्यांनीं तेथें जाणलें. त्यांच्या सूचनेवरून चर्च मिशनरी सोसायटीनें मोंबासाजवळ जमीन घेतली. १८७४ त प्राइससाहेब तिकडे निघाले, आणि हिंदुस्थानांत वाढलेले शंभरांहून अधिक आफ्रिकी नव्या वसाहतींत गेले. घरें बांधण्यास व नवख्यांस शिकविण्यास तेच पुढें झाले. गांवास नांव मात्र फ्रियरटाउन पडलें. आम्हांस हें थोडें अन्यायाचें वाटतें. मालकांपासून पळालेल्या गुलामांस तेथें आसरा मिळूं लागला, तेव्हां मोंबासाचे धनी खवळले व १८८० त हल्ल्याची धास्ती पडली.

फ्रियरसाहेबांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेंत हाय कमिशनर असतां त्यांनीं १८७९ त झुलू लोकांवर युद्ध लादलें, आणि कित्येकांचीं गांवें जळालीं. १८८० त सरकारानें त्यांस परत बोलाविलें. १८८४ त ते वारले.

फ्रियरटाउनचा घंटेचा मनोरा मोंबासांत अजून उभा आहे. त्या जागेस तेथील लोक केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशीं, असें म्हणतात.