आधी पाहणी, मग आराखडा!

महापालिकेने पुढील वीस वर्षांचा विकास आराखडा जाहीर केला, की सामान्य नागरिक सर्वप्रथम नकाशात आपले घर शोधतो आणि त्यावरून एखादा रस्ता तर गेलेला नाही ना, याची खात्री करून घेतो. मुंबईच्या आराखड्याचा मसुदा २०१५ मध्ये असंख्य चुकांपायी मागे घेऊन दुरुस्त करावा लागला, तेव्हा ही धास्ती अनेकांनी अनुभवली. प्रत्यक्ष वस्ती न पाहता नकाशा आखण्याच्या या सवयीविरुद्ध सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक स्कॉटिश प्राध्यापक झगडत होते आणि त्यातील काही वर्षे मुंबई विद्यापीठात शिकवतही होते. त्यांचे नाव पॅट्रिक गेडेस.

गेडेस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलाटर येथे झाला. म्हणजे महात्मा गांधींच्या बरोबर १५ वर्षे आधी. त्यांचा मूळ विषय जीवशास्त्र. लंडनमध्ये टी. एच. हक्सली यांच्या हाताखाली ते शिकले. १८७९ मध्ये मेक्सिकोत संशोधन करीत असताना त्यांच्या दृष्टीवर परिणाम झाला आणि काही आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शकावरचे काम पूर्वीसारखे करणे अशक्य झाले, तसा हा वनस्पतींचा अभ्यासक माणसांच्या वस्त्यांकडे वळला. सजीव आणि त्याचा परिसर यांचा विचार एकत्रच करायचा, ही जीवशास्त्रज्ञाची शिस्त मात्र त्यांनी सोडली नाही.

१८८६ मध्ये त्यांचा ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाला. पुढच्याच वर्षी हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या शहरातील जेम्स कोर्ट या गलिच्छ, दाटीवाटीच्या चाळवजा इमारतीत राहायला गेले. शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंतींना चुना लावणे, कचरा काढणे, मोकळ्या कोपऱ्यात झाडे लावणे असा उद्योग त्यांनी आरंभला. राहण्याजोगी घरे पाडण्याऐवजी दुरुस्त करावीत, अगदीच मोडकळीस आलेली तेवढी काढून हवा-उजेडाला वाट द्यावी, हा त्यांचा विचार इथे आकाराला आला.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये गेडेस भारतात आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन वेगळ्या जहाजाने येत होते. ते जहाज ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. खचून न जाता सहकाऱ्यांनी इंग्लंडमधून नवी सामग्री जमवली आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरले.

त्या वेळी भारतातील नगरसुधारणा म्हणजे प्लेगच्या धसक्याने हाती घेतलेली पाडापाडी होती. मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता. वस्त्या हटवून रुंद रस्ते काढले गेले. पण विस्थापितांपैकी अनेकांनी शेजारच्या चाळींतच आसरा घेतला आणि दाटी केवळ जागा बदलून राहिली. गेडेस यांचा आक्षेप नेमका यावरच होता. तंजावरसारख्या शहरांत ते गल्लीबोळांतून पायी हिंडले. सरळसोट रस्त्याऐवजी पडीक जागा आणि ओसाड घरे मोकळी केली, तर थोड्या खर्चात व मोजकीच कुटुंबे हलवून काम भागते, हे त्यांनी दाखवून दिले.

इंदूरची हकीकत तर विलक्षणच आहे. होळकर संस्थानात प्लेग होता आणि हा परका साहेब घरे पाडायला आला आहे, अशी लोकांची समजूत झाली होती. गेडेस यांनी दिवाळीत एका दिवसाचे ‘महाराज’पद मागून घेतले आणि जो मोहल्ला सर्वांत स्वच्छ असेल तेथून मिरवणूक नेण्याचे जाहीर केले. हजारो गाड्या कचरा निघाला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा अजस्र उंदीर होता, तसेच शुभ्र वस्त्रांत, हार घातलेले सफाई कामगारही होते. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरवरील दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला.

या यशाला वैयक्तिक दुःखाची किनार होती. १९१७ मध्ये थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला आणि त्याच वर्षी ॲना यांचे भारतात आजाराने निधन झाले. १९१९ मध्ये गेडेस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. पुढे भारतीय समाजशास्त्राचे अध्वर्यू ठरलेले गो. स. घुर्ये यांना परदेशी शिक्षणासाठी त्यांनीच निवडले.

अर्थात, त्यांचे दोषही कमी नव्हते. व्याख्यानात ते दाढीतल्या दाढीत पुटपुटत; अहवाल विषयांतराने भरलेले असत. भारतातील कितीतरी शहरांसाठी त्यांनी सूचना केल्या, पण बव्हंशी कागद दप्तरात पडून राहिले. घाईत असलेल्या अधिकाऱ्याला सरळ रेषा सोपी वाटते, हेही त्याचे एक कारण असावे.

प्रकृतीमुळे १९२४ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. पुढच्या वर्षी तेल अवीवच्या नगर प्रशासनाने त्यांच्याकडून एक लाख लोकवस्तीचा आराखडा करून घेतला. वाहतुकीचे मोजके मोठे रस्ते, आत अरुंद गल्ल्या, घरांच्या मधोमध सामाईक बाग, अशी ती रचना. पुढे त्यात फेरबदल झाले, इमारतींची उंची वाढली. तरी त्या मांडणीवर उभी राहिलेली ‘व्हाइट सिटी’ २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाली. गेडेस यांना १९३२ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.